दक्षिणा ते अनुदान : एका हिशेबाचा इतिहास

मराठी मुलखातील कोणत्याही जुन्या संस्थेचा वार्षिक अहवाल उघडावा. ती संस्था ग्रंथालय असो, शाळा असो, की साहित्य परिषदेची एखादी शाखा असो; जमेच्या बाजूला वर्गणी, देणग्या, सभागृहाचे भाडे यांच्यापाठोपाठ 'शासकीय अनुदान' अशी एक ओळ असते. बहुतेकदा तोच आकडा सर्वांत मोठा असतो आणि अध्यक्षांच्या निवेदनात त्याच आकड्याविषयी सर्वांत कमी लिहिलेले असते. लिहिले असलेच, तर आभाराचे दोन शब्द आणि थकबाकीविषयी एक नम्र विनंती. हा पैसा कोणाचा, तो कोणत्या नात्याने दिला जातो आणि त्याच्या बदल्यात काय मागितले जाते, हे प्रश्न सहसा उपस्थित होत नाहीत. ते आमच्याकडे एकेकाळी फार कळकळीने विचारले गेले होते. म्हणून या ओळीचा मागोवा घेण्याचे आम्ही ठरवले आणि तो घेताना आम्हांला पुण्याच्या रमण्यापर्यंत मागे जावे लागले.

श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा तळेगावकर सेनापती दाभाड्यांच्या घराण्याशी जोडली जाते. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले आणि त्यानंतर हा दानधर्म पहिल्या बाजीरावाने पुण्यात आपल्याकडे घेतला. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्याच्या आवारात दूरदूरचे ब्राह्मण जमत. विद्वानांची परीक्षा होई, त्यांना अधिक रक्कम आणि शालजोडी मिळे. बाकीच्यांना सरसकट दक्षिणा वाटली जाई. या व्यवस्थेला आजच्या अर्थाने अनुदान म्हणता येणार नाही. देणाऱ्याला पुण्य हवे होते आणि घेणाऱ्याचा अधिकार त्याच्या जन्मावरून ठरत होता. विद्वत्तेने रक्कम वाढे इतकेच. तरी राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी ठरावीक रक्कम विद्येच्या नावाने बाहेर पडावी आणि तिच्या वाटपासाठी पारख करणारी मंडळी बसावीत, हा सांगाडा तेथे तयार झाला. पुढच्या दोन शतकांत देणारे बदलले, घेणारे बदलले, पण सांगाडा पुष्कळसा तोच राहिला.

१८१८ साली पेशवाई गेली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. पुण्याचा ब्राह्मणवर्ग नव्या राज्यावर आधीच नाराज होता आणि त्याच्या तोंडचा घास काढून घेण्यात शहाणपण नव्हते. दक्षिणेची रक्कम कमी झाली आणि तिच्यातील काही भाग विद्येकडे वळवण्याचे ठरले. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली ती याच धोरणातून. पुढे तिचेच रूपांतर होत होत डेक्कन कॉलेज उभे राहिले. म्हणजे जी रक्कम धर्मकृत्य म्हणून वाटली जात होती, ती आता राजकारण म्हणून वाटली जाऊ लागली. दोन्ही वेळी ती घेणाऱ्यांना आपली वाटे. ती कोणाच्या खिशातून आली, याचा विचार ना देणाऱ्याने केला ना घेणाऱ्याने.

हा विचार प्रथम झाला तो १८४९ साली, आणि तोही अर्धामुर्धा. 'प्रभाकर' पत्रातून 'शतपत्रे' लिहीत असलेले लोकहितवादी, म्हणजेच गोपाळ हरी देशमुख, आणि त्यांच्या सोबतची पुण्यातील सुधारक तरुण मंडळी यांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेचा पैसा घोकंपट्टीच्या पांडित्यावर खर्चण्याऐवजी त्यातील काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. सनातनी मंडळींनी मोठा गहजब केला. अर्जदारांवर बहिष्काराची आणि मारहाणीचीही वेळ आली, आणि त्यांच्या रक्षणासाठी जोतीराव फुल्यांनी महार-मांग समाजातील तरुणांना सोबत घेऊन पाठबळ दिले, असे फुल्यांचे चरित्रकार सांगतात. अखेर १८५१च्या सुमारास दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मराठी गद्याच्या बाल्यावस्थेत या कमिटीने जे केले ते कमी लेखता येणार नाही. इतिहास, गणित, पदार्थविज्ञान, नीती या विषयांवर मराठीत लिहिण्याला, भाषांतर करण्याला बाजारात कोणी कवडी दिली नसती. कारण बाजारच नव्हता. छापखाना महाग, वाचक मोजके. अशा वेळी सरकारी बक्षिसाने लेखकाच्या कष्टाचे काही मोल झाले. आजही ज्या विषयांना गिऱ्हाईक नाही, त्या विषयांच्या पाठीशी सार्वजनिक पैसा उभा राहिला नाही तर ते विषय त्या भाषेत उभेच राहत नाहीत. कोश, शास्त्रीय परिभाषा, जुन्या हस्तलिखितांच्या चिकित्सक आवृत्त्या ही त्याची उदाहरणे आहेत.

मात्र याच निधीच्या इतिहासात एकमेकांशेजारी ठेवण्याजोग्या दोन घटना आहेत आणि आमच्या मते त्यांतच या विषयाचे सार आहे.

पहिली घटना १८५२ची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील मुलींच्या शाळांना दक्षिणा निधीतून महिना ७५ रुपये मदत मंजूर झाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यात, जेथे दक्षिणेच्या पैशावर संस्कृत पाठशाळा सुरू झाली होती त्याच वास्तूत, सरकारतर्फे मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. रमण्याच्या दारातून ज्यांना कधी आत घेतले नसते, अशा मुलींच्या पाटी-पुस्तकांवर रमण्याचा पैसा खर्च होऊ लागला. एखाद्या निधीचा हेतू इतका उलटा फिरल्याचे उदाहरण आमच्या इतिहासात विरळाच.

दुसरी घटना तीनच वर्षांनंतरची. १८५५ साली फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. अडाणी शेतकरी कुटुंबाला भटजी कसे नाडतो आणि शिक्षण हाच त्यातून सुटण्याचा मार्ग कसा आहे, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. कमिटीतील भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपीय सभासदांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी स्वतः पुढे १८७३च्या 'गुलामगिरी'त नोंदवून ठेवले आहे. ते नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडले. 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकाने ते प्रसिद्ध केले, तेव्हा लेखनाला जवळजवळ सव्वाशे वर्षे होऊन गेली होती.

निधी एकच, अर्जदार एकच, शहर एकच. मग एका अर्जाला होकार आणि दुसऱ्याला नकार का मिळाला? शाळेने कोणाला उघड दुखावले नव्हते, निदान देणाऱ्याला तरी नाही. उलट देणाऱ्याच्या उदारपणाची ती साक्ष होती. नाटकाने मात्र पारख करायला बसलेल्यांच्याच अधिकाराला हात घातला. सरकारी मदतीचा हा स्वभाव तेव्हापासून कायम आहे. सेवेला ती सहज मिळते, प्रश्नाला अवघडपणे मिळते. रुग्णालय, वसतिगृह, बालवाडी यांना हात देणारे सरकार त्याच संस्थेने रोगाचे, बेघरपणाचे, उपासमारीचे कारण विचारले की हात आखडता घेते. यात सरकार कोणत्या रंगाचे आहे याचा फारसा संबंध नसतो.

रानड्यांची गोष्ट याच माळेतली. महादेव गोविंद रानडे एल्फिन्स्टन कॉलेजात असताना दक्षिणा फेलो होते. मराठ्यांच्या राजवटीशी ब्रिटिश राजवटीची तुलना करणारा एक निबंध त्यांनी लिहिला आणि त्यात नव्या राज्यकर्त्यांना झुकते माप दिले नाही. त्याबद्दल त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद करण्यात आली. ही शिक्षा करणाऱ्या प्राचार्यांचे नाव सर अलेक्झांडर ग्रँट होते, हा योगायोग मराठी कानाला आज गमतीचा वाटेल. विद्यार्थ्याच्या बुद्धीविषयी त्यांना शंका नव्हती; ज्या सरकारने शिकवले त्याच्यावर टीका कशी, हा त्यांचा सवाल होता. 'खाल्ल्या मिठाला जागावे' हा न्याय त्यांनी लावला. आता या न्यायातील मीठ कोणाचे, हे ठरवायला हवे होते. ते ठरवले फुल्यांनी, पण त्याआधी अनुदान हा शब्द ज्या व्यवस्थेने रूढ केला तिच्याकडे पाहणे भाग आहे.

१९ जुलै १८५४चा चार्ल्स वुडचा खलिता हा हिंदुस्थानातील अनुदान-पद्धतीचा पाया. सर्व शाळा सरकारने चालवाव्यात इतका पैसा खर्चायची कंपनीची तयारी नव्हती. तेव्हा खाजगी मंडळींनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना मदत द्यावी, असे ठरले. अटी मोजक्या होत्या : शाळेत चांगले लौकिक शिक्षण मिळावे, स्थानिक व्यवस्थापन जबाबदार असावे, सरकारी तपासणी मान्य असावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी तरी फी घेतली जावी. शाळा कोणत्या धर्मपंथाची आहे, इकडे तपासनीसाने पाहू नये. कागदावर ही व्यवस्था नेटकी आहे. 'अनुदान' या मराठी शब्दाच्या घडणीतही तीच कल्पना दिसते. 'अनु' म्हणजे मागोमाग. आधी लोकांनी काही उभे करावे, मग त्यामागोमाग राज्याचे दान यावे. दक्षिणेत घेणारा हात पसरतो. अनुदानात त्याने आधी स्वतःचा हात खिशात घातलेला असतो.

पण ज्याच्या खिशात काहीच नाही त्याने काय करायचे? लोकांनी आधी उभे करावे हा नियम ऐपतदारांना धार्जिणा ठरतो. शहरातील वकील, कारकून, व्यापारी वर्गणी काढून शाळा सुरू करू शकतात, अर्ज इंग्रजीत लिहू शकतात, तपासनीसाची सरबराई करू शकतात. खेड्यातील कुणब्याला यांतील काहीच शक्य नव्हते. त्यात इंग्लंडमध्ये १८६२पासून रुजलेली, निकाल पाहून पैसे देण्याची पद्धत येथेही आली. परीक्षेत जितके उत्तीर्ण तितके पैसे. ज्या घरांत आधीपासून अक्षर होते त्या घरांची मुले उत्तीर्ण होणार आणि त्यांच्याच शाळेला पैसा मिळणार, हे उघड होते.

१८८२ साली हंटर आयोग चौकशीला आला तेव्हा फुल्यांनी जे निवेदन सादर केले, ते आम्ही या विषयावरील मूलभूत लेखन मानतो. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो आणि तो खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा त्यांचा आरोप होता. वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातील असावेत, त्यांचा पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, अशा मागण्या त्यांनी केल्या. आणि जी गोष्ट आज सहसा उद्धृत होत नाही तीही त्यांनी सांगितली : सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊन ती खाजगी मंडळींच्या हवाली करू नयेत, तसे केल्यास शिक्षणाचा प्रसार तर खुंटेलच, शिवाय सरकार जो निःपक्षपातीपणा सांगते तोही धोक्यात येईल. ज्या माणसाने स्वतः खाजगी शाळा चालवली, सरकारी मदत घेतली, आणि त्याच मदतीच्या समितीकडून नकारही पचवला, त्याचे हे मत आहे. खाजगी म्हणजे आपोआप लोकांचे, हा भ्रम त्याला नव्हता.

ग्रँटसाहेबांच्या मिठाचा प्रश्न येथे सुटतो. मीठ रयतेचे होते. सरकार फक्त वाढपी. पंगतीत वाढपी किती वाढतो आणि कोणाच्या पानात वाढतो याचा जाब त्याला विचारता येतो. त्याचे उपकार मानण्याचे कारण नसते.

हा पैसा घेऊच नये, असे मानणाऱ्यांची परंपराही येथे मोठी आहे. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणाच्या ध्येयाने, सरकारी छत्राबाहेर चालले. १९१० साली सरकारने ते बंद पाडले. मदत न घेतल्याने संरक्षण मिळतेच असे नाही, हा त्यातला धडा. धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले ते सरकारी मान्यतेवाचून. गावोगाव हिंडून लहान-लहान वर्गण्या गोळा करणे हीच त्यांची तिजोरी होती. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी देऊ केली, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पुढे विद्यापीठाचे ठाणेही मुंबईला हलले. कायद्याची मान्यता स्वातंत्र्यानंतर आली. ठाकरसींचे औदार्य निःसंशय मोठे होते. तरी देणगीलाही अटी असतात, एवढे या उदाहरणावरून ध्यानात यावे. सरकारला निदान विधिमंडळात प्रश्न विचारता येतो. दात्याला तो विचारायचा कोठे?

याच काळात बडोदे संस्थानात एक वेगळा प्रयोग झाला आणि आमच्या मते 'अनुदान' शब्दाला सर्वाधिक न्याय त्याने दिला. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डेन या ग्रंथपालास आणवून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. गावाला ग्रंथालय हवे असेल तर नियम सोपा होता : गावकऱ्यांनी जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने. तीन समान वाटे. यात गावाचा वाटा एक तृतीयांश असल्याने ग्रंथालय गावाचे राहिले आणि सरकारचा वाटा ठरलेला असल्याने तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही. सयाजीराव राजे होते, लोकनियुक्त नव्हते. तरी मदत मिळेल की नाही याचे उत्तर गावाला दरबारी खेटे न घालता नियम वाचून कळत होते. अनुदानाच्या बाबतीत स्वातंत्र्य म्हणजे एवढेच : उत्तर आधी ठाऊक असणे.

ते ठाऊक नसले की काय होते, हे रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात दिसते. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेल्या या संस्थेने सर्व जातींची मुले एका छपराखाली ठेवून, 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर शिकवली. मुले शेतात राबत, स्वयंपाक करत आणि शिकत. फुल्यांनी हंटर आयोगापुढे ज्या मुलांची बाजू मांडली होती, तीच ही मुले. १९४८ साली, स्वराज्य आल्यावर अवघ्या वर्षभरात, मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले. सत्ताधाऱ्यांवर भाऊरावांनी केलेली परखड टीका हे त्याचे कारण, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. स्वतः सात्त्विक, शिक्षणप्रेमी गृहस्थ. संस्था लोकांच्या वर्गणीवर आणि शिक्षकांच्या त्यागावर तगली. पुढे गाडगे महाराजांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. ही कथा आमच्याकडे गाडगे महाराजांच्या थोरवीसाठी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. तथापि तिची दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. हजारो मुलांच्या शिक्षणाचा पैसा एका टीकेने थांबतो आणि एका संताच्या शब्दाने सुरू होतो, तेव्हा तो पैसा पुन्हा दक्षिणा झालेला असतो. ज्या संस्थेच्या पाठीशी गाडगे महाराज नसतात, तिने कोणाकडे जावे?

१९६०मध्ये महाराष्ट्र राज्य झाले आणि लगेच साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना होऊन तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मराठी विश्वकोशाचे काम वाईला उभे राहिले. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने खेडोपाडीच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार ठरलेले अनुदान मिळू लागले. ही या राज्याची खरोखर अभिमानाची बाजू आहे. शाळांच्या बाबतीत शिक्षकांचे पगार सरकारने उचलले म्हणूनच रयतसारख्या संस्थांचा विस्तार झाला आणि डोंगराळ तालुक्यांत माध्यमिक शिक्षण पोहोचले. अनुदानाने संस्था मिंध्या होतात, असे सरसकट बोलणाऱ्यांनी अनुदानाविना ही मुले कोठे असती, याचेही उत्तर द्यावे.

नियमाने मिळणारा पैसा आला की नियम वाकवणारेही आले. ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली तेव्हा कागदावर असलेली पुष्कळ मुले वर्गात सापडली नाहीत. पुढच्या वर्षी ग्रंथालयांचीही पडताळणी झाली. तपासणी हा सरकारी जाच, अशी तक्रार करणाऱ्या आम्हा संस्थाप्रेमींना हे मान्य केले पाहिजे की १८५४च्या खलित्यातील तपासणीची अट निरर्थक नव्हती. पैसा रयतेचा असेल तर हिशेबही रयतेला हवा. मात्र सरकारी उपाय बहुधा दुसऱ्या टोकाला जातो. काही संस्थांनी लबाडी केली म्हणून नव्या संस्थांना दारच बंद. २००१पासून नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' या अटीवर परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ साली त्यातील 'कायम' हा शब्द वगळण्यात आला. पण शब्द गेला म्हणून पैसा आला नाही. पुढे २० टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने अनुदान सुरू झाले. दरम्यान 'नॉनग्रँट' हा शब्द मराठी शिक्षकाच्या आयुष्यात लग्न, घर, आजारपण या सर्वांना पुरून उरला. 'आमची शाळा २० टक्क्यांवर आली' हे वाक्य ज्या भाषेत आनंदाने उच्चारले जाते, त्या भाषेत अनुदानाचा इतिहास अजून संपलेला नाही.

साहित्याच्या दालनात तर १८५५ फार दूर गेलेले नाही. डिसेंबर २०२२मध्ये राज्य वाङ्मय पुरस्कार जाहीर झाले. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादाला त्यांत पुरस्कार होता. मूळ लेखकाचा माओवादी चळवळीशी संबंध जोडून त्यावर टीका सुरू झाली आणि काही दिवसांतच सरकारने तो पुरस्कार रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. अशा विचाराला सरकारी मान्यता देता येणार नाही, ही सरकारची बाजू होती. निषेधार्थ शासकीय समित्यांवरील काही साहित्यिकांनी राजीनामे दिले, काही लेखकांनी आपले पुरस्कार नाकारले. पुस्तकातील विचार पटतो की नाही, हा येथे मुद्दाच नाही. तो ज्याचा त्याने पुस्तक वाचून ठरवावा. सरकारने पारखी नेमले, पारख्यांनी निर्णय दिला आणि तो न आवडल्याने सरकारने पारखीच हटवले. दक्षिणा प्राइझ कमिटीत निदान विरोध करणारे सभासद कमिटीच्या आत बसून विरोध करत होते.

या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतून आम्हांला जे दिसते ते थोडक्यात असे. सार्वजनिक पैसा घेण्यात कमीपणा नाही. तो घ्यावा, कारण तो आपलाच आहे, आणि ज्यांच्या खिशात काही नाही त्यांच्यासाठी तर तो मागून घ्यावा. पण तो नियमाने यावा, मर्जीने नव्हे; बडोद्याच्या खेडुताला जसे उत्तर आधी ठाऊक असे तसे आजच्या संस्थेलाही असावे. संस्थेच्या अहवालात वर्गणीची ओळही जिवंत असावी, मग ती कितीही लहान असो, कारण १९४८ पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही. गाडगे महाराज मात्र पुन्हा येणार नाहीत. आणि जेथे पारख करावी लागते, म्हणजे पुरस्कार, प्रकाशनासाठीची मदत, नाट्यसंस्थांची अनुदाने, तेथे होकाराइतकीच नकाराचीही कारणे लेखी द्यावीत आणि ती सर्वांना वाचता यावीत. 'तृतीय रत्न' नाकारणाऱ्यांना तसे बंधन असते, तर ते नाटक वाईट होते की केवळ गैरसोयीचे, याविषयी त्यांना आपल्या सहीनिशी काही लिहावे लागले असते. आज त्या नकाराची हकीकत आपल्याला कळते ती नाकारल्या गेलेल्या लेखकाने स्वतःच्या खर्चाने काढलेल्या दुसऱ्या एका पुस्तकातून.